बसलेल्या पाखराचा फोटो

फोटोत माणसाला हसवायचं काम माझ्याइतकं लातुरात कुणालाच जमत नाही. हे मी माझ्याच तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही. सव्वीस वर्षं झाली, लग्नांचे फोटो काढतोय. भाजीत मीठ कमी म्हणून रुसलेला व्याही, बूट पळवले म्हणून चिडलेला नवरदेव, पहाटेपासून उपाशी असलेली नवरी, सगळ्यांना मी हसवलंय. "मान जरा वर, हनुवटी जरा खाली" असं एका दमात सांगायचं. माणूस गोंधळतो, आणि गोंधळला की हसतो. तेवढ्यात बटण दाबायचं.

तेव्हा एक मूठभर पाखरू आपल्याला काय अवघड, असं मला वाटलं.

त्याला कारण झाला हरिओम. हा माझ्याच स्टुडिओत शिकला आणि नांदेडला जाऊन स्वतःचा स्टुडिओ टाकून बसला. आमच्या फोटोग्राफर लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर एप्रिलच्या सुरुवातीला त्यानं जुना एक फोटो टाकला. पाण्याच्या कडेला उभं असलेलं चिमणीएवढं पाखरू. गळ्यात काळी पट्टी, डोळ्याभोवती पिवळं कडं. खाली लिहिलं होतं, 'कंठेरी चिखल्या'. आता पाखरांचे फोटो पुष्कळ बघितलेत, पण सगळे वरून काढलेले, गच्चीवरून वरात बघावी तसे. हे पाखरू मात्र अगदी समोर होतं. बरोबरीनं बसून आपल्याकडं चहा मागतंय असं वाटत होतं.

ग्रुपवर नुसता वाहवाचा पाऊस. मला राहवलं नाही. मी लिहिलं, "छान आहे. पण यात विशेष काय? येत्या रविवारी मीही टाकतो."

बासष्ट लोकांनी ते वाचलं. पाच मिनिटांत हरिओमचा फोन.

"सर, ते जमिनीला टेकून काढावं लागतं. कॅमेरा पाखराच्या डोळ्याच्या रेषेत यायला पाहिजे."

"माहीत आहे."

"आणि सर, आत्ता नका जाऊ. पावसाळा सरल्यावर जा. सध्या त्यांचं..."

"हरिओम, कॅमेरा धरायला तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, सर."

"मग ठेव फोन."

त्यानं ठेवला. त्यांचं सध्या काय, ते वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. बोलणाऱ्याला मधेच तोडायची ही माझी सवय तशी जुनी आहे, पण आजवर तिचा भुर्दंड फक्त घरच्यांना बसत होता.

गुरूचा अस्त चालू होता, लग्नतिथी नव्हत्या, म्हणून सरावाला वेळ होता. शनिवारी मी गच्चीवर पालथा झोपलो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मी पालथा झोपलो की फक्त माझं पोट जमिनीला टेकतं. डोकं आणि पाय दोन्ही अधांतरी राहतात, आणि मी होडीसारखा डुलायला लागतो. डुलत असतानाच आमची उमादेवी कुरडयांचं ताट घेऊन वर आली.

"अवो, काय झालं? चक्कर आली का?"

"सराव करायलोय."

"कशाचा?"

"झोपायचा."

"त्याचा सराव हाय की तुम्हाला," असं म्हणून तिनं माझ्या पायाकडून कुरडया घालायला सुरुवात केली.

पण बाई मनानं चांगली. खडे टोचतील म्हणून तिनं तिची योगासनाची चटई काढून दिली. जांभळी, बोटभर जाडीची, वर्षभरापूर्वी आणलेली आणि अजून एकदाही न उलगडलेली.

रविवारी सकाळी साडेसहाला मी रेणापूरकडच्या धरणावर पोचलो. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक टरबूज-काकडी लावतात. त्या वेलांच्या आणि पाण्याच्या मधे बारीक खड्यांचा एक लांबलचक पट्टा होता. शेवटच्या वाफ्यात एक बाई पाण्याचा पाइप सरळ करत होत्या. साठीच्या असतील. नाव साखराबाई, ते नंतर कळलं.

"कोन गावचे?" त्यांनी विचारलं.

"लातूरचा. फोटो काढायला आलोय, मावशी. ती बारकी पाखरं असतात ना, पळपळ करणारी?"

"हाईत की. पन त्या खड्यात नका जाऊ. बसली हाय ती."

"बसलेलीच पाहिजे मला. पळत्या पाखराचा फोटो हलतो."

"आवो, बसली हाय म्हनूनच सांगायले."

"हाव, कळलं. बसलेलीच बरी."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. आणखी काहीतरी सांगणार होत्या, तेवढ्यात त्यांचा पाइप मोटारीपाशी निसटला आणि पाण्याचा फवारा उडाला. त्या तिकडं धावल्या. मी खड्यांकडं निघालो.

आता गावाकडं कोंबडी 'बसली' म्हणजे अंड्यांवर बसली, हे शाळेतलं पोरही सांगेल. मीही जन्मानं निलंग्याचा, आमच्या दारात दहा कोंबड्या असायच्या. पण गळ्यात सव्वा किलोची लेन्स लटकली की माणसाला लहानपणीचं काही आठवत नाही.

शेवटचे पंधरा हात मी सरपटत गेलो. त्याला वीस मिनिटं लागली. मगर कशी येते, तसा मी आलो, फक्त मगरीला धाप लागत नाही. पुढून एक पाखरू उठलं आणि तुरुतुरु पळालं. ते जिथून उठलं ती जागा मला आवडली. खडे बारीक होते आणि पाण्याकडं नजर सरळ जात होती. मी चटई उलगडून पुढं सरकवली आणि अंग टाकलं. डाव्या कोपराखाली कचकन काहीतरी झालं. खडे सरकले असतील असं समजून मी कोपर आणखी घट्ट रोवलं.

आणि मग काय सांगू, पाखरू आपणहून माझ्याकडं यायला लागलं.

हरिओमनं ग्रुपवर लिहिलं होतं की तास-तासभर वाट बघावी लागते. इथं दोन मिनिटांत ते दहा फुटांवर. पळायचं, थांबायचं, माझ्याकडं बघायचं, बारीक आवाजात पीऽऊ करायचं. मी हळूच म्हणालो, "मान जरा वर." त्यानं खरंच मान वर केली. मला वाटलं, कला ही कला असते, माणूस काय आणि पाखरू काय.

मग त्यानं कमाल केली. एक पंख खाली सोडला, शेपटीचा पंखा केला आणि खड्यांवरून लहरत लहरत पुढं निघालं. चाळीस फोटो काढले मी. उन्हाची तिरीप पंखातून आरपार. त्यातला सगळ्यात चांगला कॅमेऱ्याच्या पडद्यावर आणला, मोबाइलनं त्याचा फोटो घेतला आणि पडल्या पडल्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'नर्तकी'.

पुढच्या फोटोसाठी डोळा लावला तेव्हा मला दिसलं की तो पंख वर जातच नाहीये. तो जमिनीवर घासत होता. पाखरू दोन पावलं टाकत होतं आणि कलंडत होतं. मी सरपटत आलो, त्याला घाबरवलं, धडपडून त्याचा पंख मोडला, आणि वरून मी त्याचे चाळीस फोटो काढले.

मी लगेच माझ्या साडूला फोन लावला. भागवतराव गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टीचं काम करतात, घर रेणापुरातच.

"भागवतराव, लगेच धरणावर या. पाय... म्हणजे पंख मोडलाय."

"कितव्या वेताची हाय?"

"म्हैस न्हाई हो, पाखरू हाय."

"कोंबडी?"

"कोंबडीहून लहान."

"मग पिलू हाय."

"पिलू न्हाई. मोठंच हाय, पण लहान हाय."

मग ते म्हणाले, "राजशेखरराव, तुम्ही सावलीत बसा. मी येतो."

ते अर्ध्या तासात आले. म्हशीला टोचायची सिरिंज आणि बैलाच्या मांडीला पुरेल एवढी पट्टी घेऊन आले. आणि एकटे आले नाहीत. वाटेत धरणालगतच्या गावात त्यांनी लातूरचा फोटोवाला कुठं दिसला का म्हणून विचारलं होतं, ते नेमकं हणमंतरावांना. हणमंतराव म्हणजे तिथले माजी सरपंच, आणि धरणाच्या काठावर त्यांची तीन हजार कोंबड्यांची शेड. त्यांनी भोयांचं एक जाळं आणि सहा माणसं बरोबर घेतली होती.

आम्ही नऊ जण पाखरामागं लागलो. ते पंख ओढत आमच्या पुढं दहा हात. आम्ही पळालो की ते पळायचं, आम्ही दमलो की थांबायचं आणि जास्तच लंगडायचं. भागवतराव पट्टी हातात धरून धावत होते, ती सुटून वीस फूट मागं फडकत होती. दोन वेळा जाळं टाकलं, दोन्ही वेळा त्यात हणमंतरावांचाच माणूस सापडला. आम्ही चटईपासून अर्धा फर्लांग लांब आलो, आणि मोडक्या पंखाचं ते पाखरू झकास उडालं, आमच्या डोक्यावरून वळसा घेऊन परत मूळ जागी गेलं.

"बरं झालं वाटतं," भागवतराव धापा टाकत म्हणाले. "भीतीनं होतं कधी कधी."

आम्ही परत आलो. तिथं दुसरं एक पाखरू, म्हणजे त्याचा जोडीदार, तस्साच पंख सोडून लंगडत होता.

हणमंतराव चार पावलं मागं सरले. "एकाचा मोडतो. दोघांचा मोडत न्हाई," ते म्हणाले. "ही साथ हाय."

"कसली साथ?"

"पाखराची. भागवतराव, खरं सांगा, असं पंख लुळं पडून सुरू होतंय का न्हाई?"

भागवतरावांनी फक्त खांद्यावरचा टॉवेल तोंडाला बांधला. ते बघून सगळ्यांनी बांधले. हणमंतरावांनी फोन काढला. त्यांच्या तीन हजार कोंबड्यांचा प्रश्न होता, त्यांना दोष कसा द्यायचा? गावातून आणखी पंधरा माणसं आली. हुकूम झाला की मेलेली पाखरं शोधायची, एका रांगेत, एक फूट जागा सुटता कामा नये.

याच वेळी उमादेवी रिक्षातून उतरली. भागवतरावांच्या बायकोनं बहिणीला कळवलं होतं की भावजी धरणावर उन्हानं चक्कर येऊन पडलेत. ती खड्यांवरून पळत आली. एका हातात साखर-मिठाचं पाणी, दुसऱ्या हातात माझ्या गोळ्या.

"कुठं लागलंय?"

"मला न्हाई. पाखराला."

तिनं माझ्याकडं बघितलं, तोंड बांधलेल्या रांगेकडं बघितलं, त्या लंगडणाऱ्या पाखराकडं बघितलं. मग ते साखर-मिठाचं पाणी स्वतःच प्यायली.

रांग निघाली. वीसबावीस माणसं खाली माना घालून खड्यांतून चालत माझ्या चटईच्या दिशेनं येत होती. पाखरं दोन्हीकडून जिवाच्या आकांतानं ओरडत होती. आणि वेलांमधून साखराबाई पळत येताना दिसल्या. पाइप निसटल्यापासून मोटारच बंद पडली होती, ती दुरुस्त करून त्या नुकत्याच परतल्या होत्या.

"थांबा रे मुडद्यांनो! पाय खाली ठेवू नका!"

अशा आवाजाला कुणी 'का?' म्हणून विचारत नाही. रांग जागच्या जागी थांबली. निम्म्या लोकांचा एक पाय वरच राहिला.

"मावशी, साथ आलीय," हणमंतराव टॉवेलातून म्हणाले.

"कसली साथ? तिचा पंख धडधाकट हाय. सोंग करायली ती. कुत्रं आलं, कोल्हं आलं की असंच करतीय, मी लंगडी हाय, माझ्यामागं ये म्हनती. लांब न्हेती आन् उडून जाती. अंडी हाईत तिची हितं. चार. मी आठ दिवस झालं बगायले." त्या माझ्याकडं वळल्या. "ह्यांना सकाळीच सांगितलं बसली हाय म्हनून."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही बसला कुठं होतात?" साखराबाईंनी विचारलं.

मी बोट दाखवलं. जांभळी चटई लांबूनही दिसत होती. हणमंतरावांच्या माणसांनी एकमेकांचे हात धरून पाय खाली ठेवले. पुढं कुणीच गेलं नाही. शेवटी उमादेवी एकेक खडा बघत गेली आणि तिनं चटईचं टोक उचललं.

खड्यांत वाटीएवढी खळगी होती. मी ती शंभर वेळा बघितली असती तरी मला खडेच दिसले असते, इतकी ती अंडी खड्यांसारखी होती. तशी आता ओळखायला काही अडचण नव्हती. तीन फुटली होती. चौथं एका कडेला होतं, आख्खं. चटईच्या खालच्या बाजूला पिवळा डाग होता, माझ्या कोपराएवढा.

भागवतरावांनी टॉवेल सोडला. एरवी हे सगळं दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर मी महिनाभर हे रंगवून सांगितलं असतं. तिथं मला एक शब्द सुचला नाही. मी म्हणालो, "मला वाटलं खडे सरकले." म्हणजे सुचलं ते हेच.

साखराबाईंनी ओरडा केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी सगळ्यांना आल्या पावली, आपापल्याच ठशांवर पाय देत मागं यायला लावलं. आम्ही वेलांशी जाऊन बसलो. पाखरू आलं. आता ते लंगडत नव्हतं. खळगीपाशी उभं राहिलं, मान तिरकी करून आत बघितलं, फुटक्या कवचाचा एक तुकडा चोचीत उचलला, लांब नेऊन टाकला, परत आलं. असं तीनचार वेळा. उन्हात ते अगदी समोर होतं. कॅमेरा माझ्या मांडीवर होता. मी लेन्सला झाकण लावलं.

"एकावर बसंल का हो?" उमादेवीनं विचारलं.

"तिचं तिला ठाऊक," साखराबाई म्हणाल्या.

मी त्यांना माझा नंबर दिला. त्यांनी तो मागितला नव्हता.

परतताना उमादेवी स्कूटरवर मागं बसली होती, मांडीवर गुंडाळलेली चटई. लातूर येईपर्यंत ती एवढंच म्हणाली, "हळू चालवा."

घरी येऊन मोबाइल बघितला. ग्रुपवर 'नर्तकी'ला एकशे चाळीस निरोप आले होते. काय लय, काय नजाकत, सर तुम्ही आमचे गुरू. उदगीरच्या एकानं तर प्रदर्शनासाठी मोठा करून मागितला होता. मी अर्धा तास मोबाइल हातात धरून बसलो. फोटो काढून टाकता आला असता. मला वाटतं, मी तेच करणार होतो. पण जेवायला वाढता वाढता उमादेवी म्हणाली, "लोकांना सांगितलं का?" मग लिहिलं. हा नाच नाही. मी तिच्या अंड्यांवर झोपलो होतो, ती मला उठवायचा प्रयत्न करत होती. तीन फुटली.

निरोप यायचे एकदम थांबले. एकानं हसणारं तोंड पाठवलं, बहुधा त्याला विनोद वाटला. मग हरिओमचा फोन आला. मी काही न बोलता धरून ठेवला. त्यानं तरी मला झापावं, हक्क होता त्याचा.

"सर," तो म्हणाला, "जेवलात का?"

"हाव."

"बरं," म्हणाला, आणि तोही बराच वेळ तसाच धरून बसला.

चौथ्या दिवशी साखराबाईंचा फोन आला. ते एक अंडंही गेलं. मुंगूस असंल म्हणाल्या. पाखरू दोन दिवस बसलं होतं, मग उठलं. मी म्हणालो, "माझ्यामुळं झालं, मावशी." त्या म्हणाल्या, "हाव." त्यांनी माझं मन राखायला दुसरं काही सांगितलं नाही, हे मला त्यांचं आवडलं. कॅमेरा मी कपाटात ठेवला तो लग्नतिथी सुरू झाल्यावरच बाहेर काढला. पण नवरदेव-नवरी हसले तरी मला त्या दिवसांत काही मजा यायची नाही. मान वर म्हणायचो, आणि पुढं काय म्हणायचं ते विसरायचो.

मेच्या मध्यावर एका दुपारी दुकानात गर्दी होती. पासपोर्ट फोटोला पाच माणसं, आणि फोन वाजला.

"साखराबाई बोलायले," पलीकडून आवाज आला. "पुन्यांदा घातली तिनं. जरा वरच्या अंगाला, आमच्या वेलाजवळ. चार हाईत."

समोर खुर्चीत बसलेला माणूस श्वास रोखून कॅमेऱ्याकडं बघत होता, त्याला मी हातानंच थांब म्हणालो.

"मावशी, मी उद्या सकाळीच..."

"तेच सांगायला फोन केला," त्या म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका."

आणि फोन ठेवला. पहिल्यांदाच कुणीतरी मला मधे तोडलं होतं.

उमादेवी आतून आली. "कुणाचा होता?"

"साखराबाईंचा. पाखरानं परत अंडी घातलीत."

"अगबाई. मग? बोलावलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "येऊ नका म्हणाल्या."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि खुर्चीतल्या माणसाला सांगितलं की आता श्वास सोडला तरी चालेल.